झिरो एरर

६ जानेवारी, सोमवार

यंदा डायरी लिहायची नाही असं ठरवलं होतं. गेल्या वर्षीची चाळली तर पानोपानी कुणावर तरी चिडलेली मीच दिसले. पण आजची बैठक कुठे तरी ओतायला हवी, आणि घरी ओतली की अम्मी म्हणते, महजबीन, तेरा बीपी बढेगा.

आमच्या संस्थेकडे सातपुड्यातल्या पाड्यापाड्यांतल्या सिकलसेल तपासण्यांच्या नोंदी आहेत. कुणाच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, म्हणजे कोण आजारी. आणि कोण नुसता वाहक, ज्याला स्वतःला त्रास नाही पण मुलांना आजार जाऊ शकतो. हे सगळं ज्या सॉफ्टवेअरमध्ये होतं ती कंपनीच बंद पडली. नव्या कॉम्प्युटरवर ते उघडत नाही. मोठ्या मुश्किलीनं मी नोंदी फायलींमध्ये काढून ठेवल्यात. आता त्यांना नवं घर हवंय.

संस्था चालवणाऱ्या यामिनी मॅडम म्हणाल्या, पुन्हा कुणाच्या कुलपात राहायचं नाही. डॉक्टर असून त्यांना हे कळतं याचं मला बरं वाटलं. खुला, सगळ्यांचा असलेला डेटाबेस घ्यायचा. असे चार मी सांगितले: मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट. तर देणगीदारांकडून मुंबईहून आलेले साहेब चहाचा कप ठेवून म्हणाले, चारही फुकटच ना? मग चिठ्ठी टाका. फुकटचं ते फुकटचं.

सगळे हसले. फील्डचं काम बघणारे जालमदादा हसले नाहीत, पण ते कशालाच हसत नाहीत. मॅडमनी मला सांगितलं, चारही वापरून बघ आणि काय वाटतं ते लेखी दे. लेखी कशाला? मी तोंडानंच त्या साहेबांना सांगितलं असतं.

९ जानेवारी

एसक्यूलाइट. सर्व्हर नको, नेटवर्क नको, सगळा डेटाबेस म्हणजे एक फाइल. मोलगीच्या वर जिथे मोबाइल नुसता घड्याळ म्हणून उरतो तिथे टॅबवर हेच चालेल. मी प्रेमातच पडले.

मग जन्मवर्षाच्या रकान्यात आकड्याऐवजी ‘माहीत नाही’ असे शब्द टाकून पाहिले. त्यानं घेतले. रकाना आकड्यांचा आहे असं मी स्पष्ट सांगितलेलं असूनही. स्वभाव चांगला आहे, पण पाहुण्याला जोडे काढायला सांगत नाही. सांगण्याची सोय नव्या आवृत्तीत आहे, आपण मुद्दाम चालू केली तर. शिवाय दोघे एकदम लिहायला बसले की एकाला थांबावं लागतं. फील्डसाठी ठीक, ऑफिससाठी नाही.

१५ जानेवारी

मायएसक्यूएल आणि मारियाडीबी एकाच घरातून वेगळे निघालेले. चालचलन बरंच सारखं, आता थोडं थोडं निराळं होत चाललंय. दोन्ही चपळ, दोन्हींचे जाणकार कुठेही मिळतात, अगदी नंदुरबारातही. नव्या आवृत्त्या चुकीची तारीख दिली तर नाही म्हणतात. पण त्यांच्यात एक बटण आहे, कडकपणा बंद करायचं. ते बंद केलं की ३१ जून ही तारीखसुद्धा मुकाट्यानं घेतात आणि तिच्या जागी सगळी शून्यं लिहून ठेवतात. लांब नाव असेल तर जागेत बसेल तेवढं ठेवतात, बाकीचं कापून टाकतात. बारीकशी सूचना देतात, ती वाचतो कोण?

पोस्टग्रेसमध्ये मला तसं बटणच सापडलं नाही. पहिल्याच फाइलमध्ये एका माणसाची जन्मतारीख ३१ जून होती. त्या एका ओळीसाठी त्यानं अख्खी फाइल परत केली. सुरुवातीला मीही चिडले. दुसऱ्यांदा परत, तिसऱ्यांदा परत. संध्याकाळपर्यंत मात्र मला कळलं की तो भांडत नाहीये, विचारतोय. हे खरं आहे का? तुला नक्की माहीत आहे का?

आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी मला सारखं नाही म्हणालं आणि मला त्याच्याबद्दल आदर वाटला.

२१ जानेवारी

अहवाल दिला. ऑफिसात पोस्टग्रेस, फील्डच्या टॅबवर एसक्यूलाइट. मारियाडीबीही चालेल, पण कडकपणाचं ते बटण कुणी बंद करणार नाही याची हमी हवी. मॅडमनी वाचून एवढंच विचारलं, तारीख घातलीस का? मला मेलवरही पाठव.

माझी इतक्या दिवसांची मेहनत, आणि बाईंना तारखेची पडलीय.

४ फेब्रुवारी

आज माझं डोकं इतकं तापलं की स्टेशन रोडवरून चालत घरी आले.

देणगीदारांनी त्यांचा माणूस नेमला. पितांबर सर. मूळचे रनाळ्याचे, आता नाशिकच्या एका कंपनीत. आल्या आल्या मला अहिराणीत म्हणाले, “काय करी ऱ्हायनी ताई, बरं शे ना?” म्हणजे आपण एकाच मातीतले. मी मराठीत उत्तर दिलं.

त्यांनी सगळ्यांसमोर दोन पडदे लावले. एका पडद्यावर पोस्टग्रेस, आमच्या नोंदी भरायला घेतलेल्या. लाल अक्षरं. पुन्हा लाल अक्षरं. दुसऱ्या पडद्यावर त्यांच्या सर्व्हरवरचा मायएसक्यूएल, जुनी आवृत्ती. सगळं सुळसुळीत भरलं गेलं आणि खाली त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून आणलेलं उघडलं: झिरो एरर. मुंबईच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

मी उभी राहून म्हणाले की चुका नोंदींमध्ये आहेत, एकजण दाखवतोय, दुसरा गिळतोय. साहेब म्हणाले, “मॅडम, रोज भांडणारी सून आणि गुमान काम करणारी सून, तुम्ही कुठली कराल?”

यामिनी मॅडम खाली मान घालून काही तरी लिहीत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. जालमदादाही नाहीत. या ऑफिसात तोंड फक्त मला दिलंय.

५ फेब्रुवारी

सून. अजून ते डोक्यातून जात नाही.

१७ फेब्रुवारी

नोंदी नव्या सर्व्हरवर गेल्या. गावाच्या नावाचा रकाना पितांबर सरांनी किती आखूड ठेवलाय. हा माणूस जन्मात देवनागरी हिशेबात धरत नसावा. आपल्या लिपीत काना वेगळा मोजला जातो, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा. नाव तोंडात मावतं पण रकान्यात मावत नाही. मी सांगायला गेले तर म्हणाले, पुढच्या टप्प्यात बघू.

आणि एकूण नोंदी कमी भरतायत. विचारलं तर हसून म्हणाले, दुबार नावं होती, सिस्टिमनं आपोआप काढली. नाव, गाव आणि जन्मतारीख सारखी असेल तर माणूस एकच. मी म्हणाले, सर, डोंगरात ज्याला शाळेत घातलं तो प्रत्येकजण एक जूनला जन्मलेला असतो, आणि ज्याला नाही घातलं त्याची तारीखच नसते. त्यांचा फोन वाजला. त्यांचा फोन सारखा वाजतो, आणि वाजला की ते बाहेर गॅलरीत जाऊन हो सर, हो सर करतात. मोठेपणा नुसता.

करारात म्हणे जुन्या नोंदी कुठे ठेवायच्या नाहीत, पुसायच्या. मॅडमनी माझ्याकडून जुन्या फायलींची हार्ड डिस्क मागून घेतली आणि माझ्या लॅपटॉपवरूनही पुसून टाकायला सांगितलं. मी डिस्क टेबलावर जवळजवळ आपटली. इतकी भित्री बाई मी पाहिली नाही.

मी तक्रारीचा मेल लिहीत होते तेव्हा जालमदादा येऊन उभे राहिले. वरच्या उंबरीपाड्याच्या तुळशीबाईची नोंद नीट आली का बघता का, म्हणाले. ती गुजरातेत ऊसतोडीला गेलीय, दिवस गेलेत, होळीला येईल. मी म्हणाले, दादा, असं एकेक माणूस बघून होत नाही, सगळ्या नोंदींचंच भांडण चाललंय, ते मिटू द्या. ते बरं म्हणाले आणि गेले.

मेल चांगला जमला. तीन परिच्छेद.

२४ फेब्रुवारी

धानोऱ्याला उद्घाटनाचा कार्यक्रम. मंडप, नारळ, टॅबला हार. आमच्या शिबिरांना येणाऱ्या खासगी दवाखान्यांना पासवर्ड दिले, नाव टाकलं की निकाल पडद्यावर. म्हणून लोकांची निकाल लिहिलेली जुनी कार्डं जमा करून घ्यायला सुरुवात झाली. कार्डं मळतात, हरवतात, आता गरज नाही. रांगेतली एक म्हातारी कार्ड सोडेना. पितांबर सर तिला समजावत होते, आजी, सगळं कॉम्प्युटरमा शे. तिनं शेवटी पदराची गाठ सोडली.

माझ्या मेलला मुंबईहून उत्तर आलं: आपल्या भावनांची नोंद घेतली आहे. भावना. मी तारखांविषयी लिहिलं होतं.

परतताना गाडीत जालमदादांनी पुन्हा ते उंबरीपाड्याचं काढलं. दोन तुळशी आहेत, एक वर, एक खाली, म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत होते. अशा वेळी माणसानं माणसाला थोडं एकटं सोडावं हे यांना कळत नाही.

१२ मार्च

कसं लिहू.

होळीसाठी गुजरातेतून माणसं परततायत. काल दुपारी एका बाईला गाडीतच हाडांत इतक्या कळा सुटल्या की नवऱ्यानं तिला खांडबाऱ्याला उतरवलं. स्टेशनजवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिनं आणि नवऱ्यानं तोंडानं सांगितलं, तिला सिकलचा मोठा आजार आहे, आणि पोटुशी आहे, पाचवा महिना. तिचं कार्ड तिच्या सासूनं गेल्याच महिन्यात जमा केलेलं. डॉक्टरनं टॅबवर नाव, गाव टाकलं. पडद्यावर आलं: वाहक. आजार नाही. मग प्रवासाचा शीण, उन्हाचा त्रास. दुखण्याचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं.

घाट चढताना जीपमध्ये ती बेशुद्ध झाली. नवऱ्यानं जालमदादांना फोन लावला. दादांनी जीप मागे फिरवायला सांगून तिला नंदुरबारला आणलं. रक्त चढवलं. ती वाचली. पाचव्या महिन्यातलं मूल गेलं.

तुळशीबाई. वरचा उंबरीपाडा.

आज तिला बघायला गेले. माझा रोजा होता. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. जालमदादा बाहेरच्या बाकावर बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसून पितांबर सरांना, साहेबांना, त्या डॉक्टरला, सगळ्यांना नावं ठेवली. बाई जिवंत समोर बसून सांगतेय आणि हा माणूस काचेवरचं खरं मानतो. दादा ऐकत होते. मग म्हणाले, “तुम्ही उपाशी आहात. घरी जा.”

ते असे का बोलले कळलं नाही. मला वाटतं त्यांनाही फार राग आला असावा.

१३ मार्च

कसं घडलं ते शोधून काढलं.

उंबरीपाडा वरचा आणि उंबरीपाडा खालचा. रकाना आखूड, त्यामुळे दोन्हींचं नुसतं ‘उंबरीपाडा’ उरलं. वरची तुळशीबाई विशीतली, खालची साठीच्या पुढची. दोघींच्या जन्मतारखा माहीत नाहीत, तर दोघींच्या जागी तीच शून्यं. नाव सारखं, गाव सारखं, तारीख सारखी. सिस्टिमनं एकीला पुसलं आणि दुसरीला तिच्या जागी बसवलं. राहिली ती म्हातारी, वाहक. पोरीच्या रक्ताच्या तपासण्या अजून तिथेच आहेत, मालक नसलेल्या. त्यांना कुणी विचारलंच नाही की तुम्ही ज्या बाईच्या आहात ती बाई कुठाय.

पोस्टग्रेस पहिल्याच ओळीला थांबला असता. मारियाडीबीसुद्धा थांबला असता, ते बटण चालू असतं तर. खुद्द मायएसक्यूएलची नवी आवृत्ती थांबली असती. दोष त्या यंत्राचा नाहीच. लाल अक्षरं दिसू नयेत म्हणून कुणी तरी हातानं त्याचं तोंड बांधलं.

पितांबर सरांना गॅलरीत गाठलं. सगळं दाखवलं. ते कठड्याला टेकले. बटण मीच बंद केलं, म्हणाले.

“माले वरथून सांगेल शे ताई, एरर दिसाले नको. एरर दिसनी तर मन्ही नोकरी जाई. तुन्हं म्हननं खरं शे, पन त्यासले कोन सांगई?”

मी म्हणाले, तुम्ही सांगायचं. त्यांचा फोन वाजत होता, त्यांनी उचलला नाही. घाबरट. मला त्यांची कीव करायची नाही, आणि मी करणारही नाही.

इफ्तारला अब्बांना सांगितलं. अब्बा पत्र्याच्या कोठ्या बनवतात, धान्य ठेवायच्या. ते खजूर हातात धरून बसले. म्हणाले, कोठीला भोक असलं तर मी गिऱ्हाइकाला पाण्यानं भरून दाखवतो, कोरडी दाखवत नाही. मग विचारलं, ती बच्ची आता कशी आहे? मला माहीत नव्हतं. आज गेले नव्हते, दिवसभर सर्व्हरच बघत होते.

१८ मार्च

मुंबईचे साहेब आले. ‘तुरळक घटना’ म्हणाले. पूर्णत्वाच्या दाखल्यावर मॅडमची सही हवी होती, देणगीदारांच्या वार्षिक अंकात आमचं पान छापायचंय, मथळा तयार आहे: शून्य त्रुटींची यशोगाथा. मी काही बोलायच्या आत यामिनी मॅडमनी सांगितलं, सही करणार नाही.

साहेबांनी करार पुढे केला. मॅडमनी माझा जानेवारीतला मेल पुढे केला, तारखेसकट, आणि त्याखाली त्यांनी स्वतः मुंबईला पाठवलेले मेल. प्रत्येक बैठकीनंतर एक. मला त्यातल्या एकाचीही कल्पना नव्हती. त्यांनी मला सांगायला हवं होतं, नाही का? मी एकटीच भांडतेय असं समजून मी किती दिवस झोपले नाही.

मग त्यांनी कपाटातून एक उशीची खोळ काढली. आत जुनी हार्ड डिस्क.

साहेब म्हणाले, हा करारभंग आहे. मॅडम म्हणाल्या, “हो. आणि माझ्या पेशंटचं मूल गेलंय. कुठलं आधी लिहायचं ते तुम्ही ठरवा.”

साहेब दुपारच्या गाडीनं गेले. देणगीही गेली. मॅडम लगेच ओपीडीत जाऊन बसल्या. जाताना मला म्हणाल्या, तुझा तो भांडकुदळ पोस्टग्रेस आण आता.

बटण बंद असलेला सर्व्हर पितांबर सरांनी स्वतः थांबवला. सगळ्या दवाखान्यांना फोन करून सांगितलं की पडद्यावरचं मानू नका. ते त्यांनी कुणाला विचारून केलं माहीत नाही.

२ एप्रिल

ईद झाली. शीरखुर्मा घेऊन वॉर्डात जाणार होते, पण तुळशीबाईला आधीच घरी सोडलं होतं.

जुन्या फायली पोस्टग्रेसमध्ये भरतेय. नियम मी मुद्दाम कडक केलेत. नाव हवंच. प्रत्येक तपासणीला तिचा माणूस हवाच. मुलांच्या टेबलात, म्हणजे त्यांच्या नोंदींच्या तक्त्यात, नाव, जन्मतारीख, आई, तिन्ही हवीतच. मोठ्यांची तारीख माहीत नसेल तर रकाना रिकामाच राहील, शून्यं नाही, आणि तारखेवरून कुणाला एक मानायचं नाही. कार्डंही परत वाटायची.

तो जिथे जिथे थांबतो तिथे आम्ही खूण करतो आणि मग त्या पाड्यावर जाऊन विचारतो. जालमदादा आणि मी. हे काम संपणार नाही असं वाटतं. काल पवाशीण नावाच्या एका म्हातारीनं आम्हाला तासभर बसवून कोणत्या दुष्काळात ती जन्मली ते सांगितलं. मी वर्ष अंदाजे लिहिलं.

त्या वार्षिक अंकात पान छापून आलंच. मॅडमच्या सहीशिवाय, धानोऱ्याच्या मंडपाच्या फोटोसकट. मी ते फाडणार होते, पण जालमदादा म्हणाले, राहू द्या, त्यावर पोहे चांगले बसतात.

दादा हसले होते. पहिल्यांदाच पाहिलं.

९ एप्रिल

आज उंबरीपाडा. जीप जिथवर जाते तिथवर, पुढे चालत.

खालच्या पाड्यावर आधी म्हातारी तुळशीबाई भेटली. धानोऱ्याला कार्ड न सोडणारी तीच, हे मी तिच्या पदराची गाठ पाहून ओळखलं. कार्ड परत दिलं तर उलटसुलट करून बघितलं आणि तिच्या पावरी बोलीत काही म्हणाली. दादांनी मराठीत सांगितलं: ती विचारतेय, तुमच्या मशीननं आमच्या दोघींतल्या एकीला खाल्लं, तर मलाच का नाही खाल्लं? माझं झालंय जगून.

मी यादीत कार्ड परत दिल्याची खूण केली.

मग वर. धाकटी तुळशीबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. अजून अशक्त दिसते. नवरा पाणी आणायला गेलेला. मी तिचं नाव, पाडा, नवऱ्याचं नाव विचारत लॅपटॉपवर ओळ दुरुस्त केली. उंबरीपाडा वरचा, पूर्ण. सिकलसेल: आजारी. तपासण्या तिच्या तिला जोडल्या गेल्या. मी पडदा तिच्याकडे फिरवला, दादांनी वाचून दाखवलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल.

तिनं पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग दादांना काही तरी विचारलं. मी दोनदा विचारल्यावर म्हणाले, “तिचं बाळ यात कुठे आहे, असं विचारते.”

मी मुलांचं टेबल उघडलं. नाव विचारलं. ठेवलं नव्हतं. तारीख मी विचारलीच नाही. जे जन्मलंच नाही त्याला जन्मतारीख कुठली. मी दोन्ही रकाने रिकामे ठेवून नोंद करायला गेले. लाल अक्षरं आली. नाव हवंच. तारीख हवीच. माझेच नियम, मीच घातलेले, आणि त्या ओट्यावर बसून मला त्यांचा इतका राग आला जितका कधी त्या मुंबईच्या साहेबाचा आला नव्हता.

मी ते दोन नियम काढून टाकले. तिसरा ठेवला. पुन्हा नोंद केली.

आता पोस्टग्रेसनं एकच तपासलं, या मुलाची आई नोंदीत आहे का. होती. त्यानं घेतलं.

दादांनी तिला सांगितलं, लिहिलं. तिनं मान हलवली आणि फुलं पसरायला घेतली. थोड्या वेळानं मीही तिच्या शेजारी बसून फुलं पसरू लागले. पुढच्या घरी जायचं होतं, पण दादांनी घाई केली नाही.